१.४ मीटरच्या पॅनेल ॲन्टेनासाठी दंडगोलीय निकट-क्षेत्र मापन: कुपवाडच्या शेडमध्ये जमेल का?

प्रश्न: कुपवाड_पॅनेल

नमस्कार. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना असून तेथे आम्ही मोबाइल मनोऱ्यांवर लागणारे सेक्टर ॲन्टेना बनवतो. सध्याचे मॉडेल १.७ ते २.७ गिगाहर्ट्झ पट्ट्यासाठी आहे. त्याची उंची १.४ मीटर, रुंदी १७ सेंटिमीटर आणि वजन साधारण बारा किलो आहे. आडव्या प्रतलात झोताची रुंदी ६५ अंश, तर उभ्या प्रतलात ती वारंवारतेनुसार साडेचार ते सात अंश आहे. ध्रुवीकरण ±४५ अंशांचे असून झोत विद्युत पद्धतीने शून्य ते दहा अंश खाली झुकवता येतो.

आजवर आम्ही दोन इमारतींच्या गच्च्यांवर, सुमारे ४० मीटर अंतर ठेवून मोजमाप करत आलो आहोत. २.७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ११.१ सेंटिमीटर येते, त्यामुळे 2D²/λ या सूत्राने (D म्हणजे ॲन्टेनाची उंची, λ म्हणजे तरंगलांबी) दूर-क्षेत्राची, म्हणजे जेथून पुढे पॅटर्नचा आकार अंतरानुसार बदलत नाही त्या भागाची, सीमा सुमारे ३५ मीटर निघते आणि अंतराची अट कागदोपत्री पूर्ण होते. मात्र दोन गच्च्यांच्या मधे पत्र्यांची छपरे आहेत आणि आसपासच्या मनोऱ्यांचे संकेतही मापनात मिसळतात, त्यामुळे मुख्य झोत ठीक येत असला तरी साइडलोबचे (मुख्य झोताबाहेरच्या लहान झोतांचे) आकडे सकाळी एक आणि दुपारी दुसरे येतात. शिवाय परवानाधारक मोबाइल पट्ट्यांत उघड्यावर प्रक्षेपण करणे नियमांच्या दृष्टीनेही सोयीचे नाही.

आमच्याकडे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच अशी पत्र्याची शेड रिकामी आहे. चार पोर्टांचा व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर (संकेताचा आयाम आणि फेज मोजणारे उपकरण) आहे, फिरते टेबल आम्ही स्वतः बनवू शकतो आणि रेषीय गाइड, रॅक व पिनियन बसवून देणारी वर्कशॉप कुपवाड-मिरजेत आहेत. अशा जागेत दंडगोलीय निकट-क्षेत्र स्कॅनर, म्हणजे ॲन्टेना टेबलावर फिरवत आणि शेजारी छोटा मोजणारा ॲन्टेना (प्रोब) वर-खाली नेत जवळून मोजायचे व दूरचा पॅटर्न गणिताने काढायचा अशी यंत्रणा, उभारणे व्यवहार्य आहे का? असल्यास प्रोबचे अंतर, स्कॅनची उंची आणि यांत्रिक अचूकता किती धरावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: समतल_सातारा

आपण दंडगोलाकडे वळण्यापूर्वी समतल स्कॅनरचा, म्हणजे प्रोब सपाट प्रतलात हलवणाऱ्या यंत्रणेचा, विचार करावा असे मला वाटते. त्यात ॲन्टेना जागचा हलत नाही, दोन रेषीय अक्ष पुरतात, गणित साध्या द्विमितीय फूरिये रूपांतराचे असते आणि प्रोबच्या स्वतःच्या पॅटर्नची गणिती दुरुस्तीही सोपी असते. फिरत्या टेबलाचा अक्ष आणि उभी रेल समांतर आणण्याची कटकट त्यात मुळातच नाही.

उत्तर २: दंडगोल_विश्रामबाग

समतल स्कॅनरविषयी वरील सदस्यांनी लिहिलेले सामान्यतः बरोबर आहे. डिश किंवा मोठ्या ॲरेसारख्या, एकाच दिशेला अरुंद झोत टाकणाऱ्या ॲन्टेनासाठी मीही तोच निवडेन. प्रस्तुत पॅनेलला मात्र तो लागू पडत नाही. ६५ अंशांच्या झोताचे उतार ±९० अंशांपर्यंत आणि त्यापलीकडे पाहावे लागतात, पुढच्या-मागच्या विकिरणाचे गुणोत्तर तर ग्राहक पहिल्या पानावर मागतो, आणि समतल पृष्ठावर पॅनेलच्या मागचे काहीच मोजले जात नाही. गोलीय स्कॅनमध्ये सर्व दिशा मिळतात, पण तेथे १.४ मीटर लांबीचे बारा किलोचे पॅनेल दुसऱ्या अक्षाभोवतीही फिरवावे लागते आणि ती यंत्रणा लहान कारखान्याला जड जाते. उंच, अरुंद, आडव्या प्रतलात पसरट आणि उभ्या प्रतलात अरुंद झोताचा ॲन्टेना म्हणजे दंडगोलीय मापनाचे अगदी ठरलेले गिऱ्हाईक आहे. आडव्या दिशेने पूर्ण ३६० अंशांचे वर्तुळ मिटत असल्यामुळे तेथे स्कॅन कापला जाण्याचा प्रश्नच उरत नाही; तो उरतो फक्त वर आणि खाली.

या पद्धतीची प्रोब-दुरुस्तीसह मांडणी जॉर्जिया टेकमधील लीच आणि पॅरिस यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १९७७ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधून याघजियन यांनी तिची प्रकीर्णन-मॅट्रिक्सच्या भाषेत पुनर्मांडणी केली. आज आपण जे करणार आहात ते गणिताच्या अंगाने तेच आहे. फरक एवढाच की त्या काळी ज्या गणनेसाठी संगणक केंद्रात रांग लावावी लागे, ती आता टेबलावरच्या संगणकावर काही सेकंदांत होते.

आता आपल्या आकड्यांकडे येऊ. प्रोब ॲन्टेनाच्या प्रतिक्रियात्मक क्षेत्राबाहेर (ॲन्टेनाला चिकटून राहणाऱ्या, बाहेर न पसरणाऱ्या क्षेत्राबाहेर) असावा आणि दोघांमधली पुन्हा-पुन्हा होणारी परावर्तने कमी राहावीत म्हणून अंतर सर्वसाधारणपणे तीन ते पाच तरंगलांब्या ठेवतात. १.७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १७.६ सेंटिमीटर असल्याने ते ५३ ते ८८ सेंटिमीटर येते, त्यामुळे पॅनेलच्या दर्शनी पृष्ठापासून ७० सेंटिमीटर धरू. पॅनेल टेबलावरच्या खांबाला लावल्यावर त्याचा सर्वांत दूरचा कोपरा अक्षापासून २५ सेंटिमीटरवर राहील असे मानले, तर प्रोबची त्रिज्या ९५ सेंटिमीटर होते.

स्कॅनची उंची ठरवताना ॲन्टेनाची उंची अधिक अंतराच्या दुपटीला इच्छित कोनाच्या स्पर्शिकेने गुणून येणारी लांबी, हे ढोबळ सूत्र वापरावे. अंतर म्हणून सुरक्षिततेसाठी पूर्ण त्रिज्या घेतली, तर ±३० अंशांच्या विश्वासार्ह पॅटर्नसाठी २.५ मीटर, ±४५ अंशांसाठी ३.३ मीटर आणि ±६० अंशांसाठी ४.७ मीटर उंची लागते. शेवटचा पर्याय आपल्या छपराला टेकतो. ३.३ मीटरची निवड मला योग्य वाटते, आणि झोत खाली झुकणारा असल्यामुळे हा पल्ला पॅनेलच्या मध्यापासून थोडा खाली सरकवून ठेवावा. त्या कोनापलीकडचा पॅटर्न आलेखावर दिसेल, पण अहवालात देऊ नये.

नमुन्यांचे अंतर उभ्या दिशेने अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी हवे, २.७ गिगाहर्ट्झला ते ५.५ सेंटिमीटर येते, म्हणून ५ सेंटिमीटर घ्यावे. कोनीय अंतर मात्र प्रोबच्या त्रिज्येवर अवलंबून नसून संपूर्ण ॲन्टेना सामावून घेणाऱ्या लहानात लहान दंडगोलाच्या त्रिज्येवर अवलंबून असते, आणि येथेच अनेकांची गफलत होते. २५ सेंटिमीटरला ka (२π भागिले तरंगलांबी, गुणिले ही त्रिज्या) सुमारे १४ येतो, त्यात सुरक्षिततेसाठी १० मिळवले की २४ क्रमांकापर्यंतचे मोड (ज्या दंडगोलीय लहरींची बेरीज म्हणून क्षेत्र मांडतात त्या) पुरतात, म्हणजे साडेसात अंशांचा टप्पाही चालतो. आपण ५ अंशांचा ठेवा. पॅनेल लांब दांडीवर अक्षापासून ६० सेंटिमीटरवर बसवले, तर हाच टप्पा चार अंशांवर येतो आणि मोजमापाचा वेळ विनाकारण वाढतो. पाच अंशांनी ७२ स्तंभ, प्रत्येकी ६७ बिंदू, म्हणजे एका प्रोब-ध्रुवीकरणाला ४,८२४ बिंदू झाले.

यातला कोणता अक्ष वेगाने फिरवायचा हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यावर बरेच अवलंबून आहे. वेगवान अक्षावरचे सर्व बिंदू काही सेकंदांत मोजले जातात, त्यामुळे उपकरणे आणि केबल यांचा हळूहळू होणारा फेज-बदल त्या दिशेने जाणवत नाही. तो सगळा संथ अक्षावर साचतो. आपल्या पॅनेलचा नाजूक पॅटर्न उभा आहे आणि आडवा पसरट आहे, म्हणून प्रोब वेगाने वर-खाली आणि टेबल टप्प्याटप्प्याने, असेच ठेवावे. सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने एका स्तंभाला ३३ सेकंद लागतील आणि टेबल फिरून स्थिरावण्याचा वेळ धरून पूर्ण स्कॅन तासाभराच्या आत संपेल. शेवटी मधल्या उंचीवर प्रोब थांबवून टेबलाची एक झटपट फेरी घ्यावी. प्रत्येक स्तंभाच्या त्या उंचीवरच्या फेजची या फेरीशी तुलना केली की तासाभरातला सरकाव कळतो आणि तो वजा करता येतो.

यांत्रिक अचूकतेच्या बाबतीत लोक भलत्याच ठिकाणी पैसा ओततात. २.७ गिगाहर्ट्झला एक मिलिमीटरची त्रिज्यीय चूक म्हणजे सव्वातीन अंशांची फेज-चूक होय. रेल ३.३ मीटरमध्ये एकसारखी दोन मिलिमीटर कलली असेल, तर झोताची दिशा ०.०३५ अंशाने चुकेल, आणि साडेचार अंशांच्या झोताला त्याचे काहीच वाटणार नाही. विखुरलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या चुकाही आपल्या साइडलोबच्या पातळीला त्रास देत नाहीत. त्रास देतात त्या ठरावीक अंतराने पुन्हा-पुन्हा येणाऱ्या चुका: रॅकच्या जोडांवरची उडी, एककेंद्री नसलेला पिनियन, किंवा वर जाताना आणि खाली येताना दात्यांमधल्या प्लेमुळे पडणारा फरक. एक स्तंभ चढताना आणि पुढचा उतरताना मोजला, तर ही चूक दर दहा अंशांनी आवर्ती होते आणि गणितात जे मोड नाहीत ते निर्माण करते. म्हणून वेळ दुप्पट गेला तरी चालेल, पण सर्व स्तंभ एकाच दिशेने मोजावेत. रेल आणि अक्ष समांतर आणायला गवंड्याचा ओळंबा आणि एक साधा लेसर पुरतो.

प्रोबबद्दल एक व्यावहारिक अडचण सांगतो. उघड्या तोंडाचा वेव्हगाइड (लहरी वाहून नेणारी धातूची पोकळ नळी) हा सर्वांत नीट समजलेला प्रोब असला, तरी डब्ल्यूआर-४३० या मापाच्या वेव्हगाइडची हद्द १.७ ते २.६ गिगाहर्ट्झच आहे; वरच्या टोकासाठी डब्ल्यूआर-३४० लागेल, म्हणजे स्कॅनही दोनदा करावा लागेल. त्याऐवजी दुहेरी ध्रुवीकरणाचा रुंदपट्टा प्रोब घेऊन दोन्ही घटक एकाच फेरीत मोजावेत. त्याचा पॅटर्न मात्र नीट माहीत हवा, कारण ४५ अंशांच्या चढाव-उताराकडून येणाऱ्या लहरी प्रोबला कमी ऐकू येतात आणि ती दुरुस्ती केली नाही तर दूरचे साइडलोब खोटेच गुणी दिसतात.

कुपवाड_पॅनेल

अतिशय आभारी आहे, सर. एक शंका राहते. शेड पत्र्याची आहे आणि शोषक फोम सर्व भिंतींना लावण्याइतका निधी नाही. दुसरे असे की एप्रिल-मेमध्ये शेडच्या आत दुपारी चाळीस अंशांच्या पुढे तापते आणि हिवाळ्यातल्या पहाटे चांगलीच थंडी असते. तिसरी गोष्ट म्हणजे आमची फरशी काळ्या मातीवरच्या भरावावर आहे आणि पावसाळ्यात तिला भेगा पडून कडा उचललेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

उत्तर ३: केबल_मिरज

तापमानाबद्दल लिहितो, कारण आपल्या भागात हा मुद्दा पुस्तकापेक्षा वेगळा पडतो. नेहमीच्या समाक्ष केबलमध्ये टेफ्लॉनचा थर असतो आणि १९ अंश सेल्सिअसच्या आसपास टेफ्लॉनची स्फटिकरचना बदलते, त्यामुळे त्या तापमानाजवळ केबलची विद्युत-लांबी अचानक जास्त वेगाने बदलू लागते. सांगली-मिरजेत डिसेंबर-जानेवारीत पहाट या तापमानाच्या खाली आणि दुपार बरीच वर असते, म्हणजे हिवाळ्यात सकाळी सात वाजता सुरू केलेला स्कॅन नेमका हा उंबरठा ओलांडतो. उन्हाळ्यात बाहेर त्रास जास्त वाटतो, पण केबलच्या दृष्टीने रात्री दहानंतरची उन्हाळी शेड हिवाळी सकाळपेक्षा बरी. वातानुकूलन संपूर्ण शेडला परवडत नसेल, तर केबलवर फोमची नळी चढवावी आणि ॲनालायझर तासभर आधी चालू ठेवावा. ॲनालायझर जमिनीवर न ठेवता रेलच्या मध्याजवळ स्टँडवर ठेवला, तर हलणाऱ्या केबलची लांबी निम्मी होते. टेबलाच्या बाजूला रोटरी जॉइंट (फिरतानाही विद्युत जोड टिकवणारा सांधा) घेण्याची घाई नको; उणे १८० ते अधिक १८० अंश फिरवून परत आणले तर सैल वेटोळ्यातली केबल पुरते.

काळ्या मातीचा मुद्दा मला तापमानाहून गंभीर वाटतो. ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते, त्यामुळे टेबल एका फरशीवर आणि रेल दुसऱ्या फरशीवर बसवल्यास जूनमधले संरेखन ऑक्टोबरमध्ये टिकणार नाही. दोन्ही एकाच जाड लोखंडी चौकटीवर बसवावेत आणि ती चौकट तीन समायोज्य पायांवर टेकवावी. चौकट सगळीच्या सगळी कलली तरी अक्ष आणि रेल यांचे परस्पर नाते बदलत नाही, आणि मापनाला तेवढेच हवे असते. तीन पाय म्हणतो, चार नव्हे. चौथा पाय फरशी उचलली की चौकटीला पीळ देतो.

उत्तर ४: दंडगोल_विश्रामबाग

चौकटीची सूचना उत्तम आहे. ती माझ्या उत्तरात यायला हवी होती इतकी महत्त्वाची आहे.

परावर्तनांविषयी सांगायचे तर, गच्चीवर आपल्याला जे दिसते त्याचे गणित आधी पाहा. मुख्य झोताच्या ३० डेसिबल खाली असलेले परावर्तन मुख्य झोतात जाणवत नाही, पण १८ डेसिबल खाली असलेल्या साइडलोबला ते साधारण दोन ते अडीच डेसिबलने वर-खाली करते. शेडमध्येही हेच होईल, मात्र तेथे आपल्या हातात दोन उपाय आहेत. पहिला कालद्वाराचा, म्हणजे उशिरा पोहोचणारे संकेत वेळेवरून ओळखून गणिताने वगळण्याचा. १.७ ते २.७ गिगाहर्ट्झ असा एक गिगाहर्ट्झचा झाडा (स्वीप, म्हणजे वारंवारता क्रमाने बदलत केलेले मोजमाप) घेतला, तर मार्गातला साधारण ३० सेंटिमीटरचा फरक वेगळा ओळखता येतो. भिंतीवरून येणारा मार्ग सरळ मार्गापेक्षा काही मीटर लांब असतो, म्हणून तो सहज कापला जातो. दहा मेगाहर्ट्झच्या टप्प्याने १०१ वारंवारता घेतल्या की ३० मीटरपर्यंतच्या मार्गांची सरमिसळ होत नाही. फक्त झाडा चालू असताना प्रोबही सरकत असतो, त्यामुळे पहिली आणि शेवटची वारंवारता वेगवेगळ्या उंचीवर मोजली जाते, हे प्रोग्रामला माहीत असले पाहिजे. कालद्वाराने जे कापता येत नाही ते जवळचे असते: रेलचा खांब, प्रोबचा आधार, चौकट आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग. दुसरा उपाय शोषक फोमचा, आणि आपला सगळा फोम तेथे खर्च करावा. भिंती नंतर पाहता येतील. पिरॅमिडची उंची ३० सेंटिमीटरच्या आसपास असावी, म्हणजे १.७ गिगाहर्ट्झलाही ती दीड तरंगलांबीहून जास्त राहते.

उत्तर ५: समतल_सातारा

माझी समतलाची सूचना मागच्या-पुढच्या गुणोत्तराच्या मुद्द्यावर टिकत नाही, हे मान्य. मात्र पॅनेल अक्षाजवळच ठेवावे या आग्रहाला एक अपवाद नोंदवावासा वाटतो. या शतकाच्या पहिल्या दशकापासून व्यावसायिक स्कॅनरमध्ये अशी एक पद्धत वापरात आहे की ॲन्टेना मुद्दाम अक्षापासून दूर बसवतात, दूर-क्षेत्र काढल्यावर फेजचा आरंभबिंदू गणिताने पॅनेलच्या मध्यावर हलवतात आणि मग दंडगोलीय मोड पुन्हा काढतात. पॅनेलचे स्वतःचे मोड, त्याची त्रिज्या जेमतेम दहा सेंटिमीटर असल्याने, सुमारे १५ क्रमांकाच्या आत गोळा होतात. परावर्तनांचे मोड मात्र वरच्या क्रमांकांपर्यंत पसरलेले राहतात आणि ते कापून टाकता येतात. कालद्वार ज्या जवळच्या परावर्तनांपुढे हतबल ठरते, त्यांच्यातलीही बरीच यातून निघून जातात. किंमत एवढीच की ६० सेंटिमीटरवर पॅनेल ठेवल्यास चार अंशांचा टप्पा आणि ९० स्तंभ लागतील, प्रोबची त्रिज्या १.३ मीटर होईल आणि ±४५ अंशांसाठी रेल चार मीटरची करावी लागेल.

उत्तर ६: दंडगोल_विश्रामबाग

पद्धत चांगली आहे, हे खरेच. पण चार मीटरची रेल पाच मीटरच्या शेडमध्ये बसवल्यावर वरच्या पत्र्याशी प्रोब फारच जवळ जाईल. माझे मत असे की चौकट आणि टेबल ६० सेंटिमीटरच्या दांडीला पुरेल इतके मजबूत आधीच करून घ्यावे, सुरुवात अक्षाजवळून करावी आणि गरज भासल्यास ३.३ मीटरच्याच रेलवर ±३५ अंशांच्या पल्ल्यात समाधान मानून ही युक्ती वापरावी. मोबाइल जाळ्याच्या नियोजनाला लागणारे वरचे पहिले साइडलोब त्या पल्ल्यात आरामात येतात.

कुपवाड_पॅनेल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौकटीचे काम दिवाळीपूर्वी सुरू करत आहोत. रूपांतराचा प्रोग्राम पायथनमध्ये आम्ही स्वतः लिहावा, की विकत घ्यावा?

उत्तर ७: दंडगोल_विश्रामबाग

स्वतः लिहावा. कोन आणि उंची या दोन्ही दिशांनी फूरिये रूपांतर, प्रत्येक मोडसाठी प्रोबच्या प्रतिसादाने आणि हॅन्केल फलनाने (दंडगोलीय लहरींचा प्रसार मांडणाऱ्या फलनाने) भागाकार, आणि मग त्या गुणांकांची मोडनुसार बेरीज, एवढाच त्याचा गाभा आहे. ॲनालायझर ज्या चिन्हसंकेताने फेज देतो त्याला जुळणारेच हॅन्केल फलन घ्यावे, नाहीतर लहरी आत येत असल्यासारखे गणित होते. पुरेशा मोडांच्या पुढचे गुणांक निर्दयपणे शून्य करावेत. तेथे पॅनेलचे विकिरण नसून केवळ मापनातला गोंधळ असतो.

प्रत्यक्ष मोजमापाआधी प्रोग्रामला खोटी आकडेवारी द्यावी: अक्षापासून बाजूला ठेवलेल्या एका बिंदुस्रोताचे क्षेत्र ९५ सेंटिमीटर त्रिज्येच्या दंडगोलावर सूत्राने काढून रूपांतर केले, तर आडव्या पॅटर्नचा आयाम सर्व कोनांत सारखाच यायला हवा. लाभ (गेन) काढण्यासाठी, ज्याचा लाभ आधीच माहीत आहे असा प्रमाणित हॉर्न ॲन्टेना त्याच टेबलावर, त्याच केबलने, तशाच स्कॅनने मोजून दोन्हींच्या दूर-क्षेत्रांची तुलना करावी. प्रोब आणि पॅनेल यांच्यातल्या परावर्तनांचा अंदाज हवा असेल, तर प्रोब पाव तरंगलांबीने मागे घेऊन स्कॅन पुन्हा करावा आणि दोन पॅटर्नमधला फरक पाहावा. मापनाच्या अनिश्चिततेचा अहवाल कोणत्या मुद्द्यांनी लिहावा हे आयट्रिपलई १७२० या २०१२ च्या शिफारसपत्रात नीट दिलेले आहे. ग्राहकाला आकडे देण्याआधी ते वाचून ठेवावे.

आणखी एक. टेबल घड्याळाच्या दिशेने फिरले की ॲन्टेनाच्या दृष्टीने प्रोब उलट दिशेने फिरतो. आपले पॅनेल डावी-उजवीकडे जवळजवळ सममित असल्यामुळे ही चूक असली तरी आलेखात दिसणार नाही. म्हणून पहिल्याच स्कॅनमध्ये पॅनेलच्या एका बाजूला पत्र्याची पट्टी चिकटवून आणि झोत पूर्ण दहा अंश खाली झुकवून मोजावे. पट्टी ज्या बाजूला लावली तिच्याशी आडव्या पॅटर्नमधली विकृती जुळते का आणि झोत खरोखर खालीच दिसतो का, हे दोन्ही पडताळल्याशिवाय पट्टी काढू नये.